कोऱ्या नकाशावरची सूचना

कोल्हापुरात माणसाला मत विचारावं लागत नाही. तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहिलं, की अंबाबाई मंदिराचा आराखडा कसा असायला हवा होता, थेट पाईपलाईन होऊनही नळाला जोर का नाही आणि कालच्या फुटबॉल मॅचला पाटाकडील तालमीचा गोलकीपर नेमका कुठं चुकला, या तिन्ही विषयांवर अंतिम निकाल ऐकायला मिळतो. आपल्याला कुणी विचारलंय का, ही शंका बोलणाऱ्याच्या मनाला शिवतसुद्धा नाही. "आमच्या गावाचं आम्ही न्हाई बोलायचं तर काय पुण्यावाल्यांनी येऊन बोलायचं?" असा सरळ हिशेब.

आणि याच शहरात पेपरच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटांच्या जाहिरातींमध्ये, बारक्या टाइपात एक नोटीस येते. "तमाम नागरिकांस कळविण्यात येते की" अशी सुरुवात, मध्ये कलमांचे आकडे, आणि शेवटी हरकती व सूचना लेखी स्वरूपात अमुक मुदतीत सादर कराव्यात, असा मजकूर. ही नोटीस वाचणारा एकही माणूस मला कट्ट्यावर भेटलेला नाही. मी वाचते. वाईट सवय म्हणा. लग्नाआधीपासून पेपर मागून पुढं वाचायची खोड आहे, आणि मागं खेळाचं पान संपलं की ही पानं लागतात.

एवढं बोलणारं गाव आणि एवढी न वाचली जाणारी नोटीस, हे एकाच शहरात कसं नांदतं, याचं मला फार दिवस कोडं होतं. शहर कसं असावं हे लोकांना विचारायचं, ही कल्पना मुळात आली कुठून? सरकारला आपणहून सुचली असेल यावर माझा विश्वास बसेना, म्हणून जमेल तसं शोधत गेले.

आपल्याकडं नगररचना विचारत विचारत आलीच नाही. ती दार ढकलून आली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. पुढच्या वर्षी पुण्यात रँडसाहेबाच्या हुकमानं गोरे सोजीर घराघरांत घुसले, माजघरात, देवघरात, सामान रस्त्यावर. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्या सुटल्या. शाळेत आपण हे सगळं क्रांतिकारकांच्या धड्यात शिकतो आणि ते बरोबरच आहे. पण नगररचना शिकवणाऱ्या कॉलेजातही हा पहिला धडा असायला काय हरकत आहे? साहेबाचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्या अगदीच खुळचट नव्हतं. रोग होता, माणसं मरत होती. ज्याचं घर त्याला एका शब्दानं विचारलं नव्हतं. १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट वस्त्या पाडा, रुंद रस्ते काढा, हवा खेळू द्या, हे त्याचं काम. ट्रस्टनं चाळीही बांधल्या, मान्य. पण रस्ता कुठून काढावा हे त्या वस्तीतल्या माणसाला विचारायची रीत तेव्हा नव्हतीच.

अशा काळात पॅट्रिक गेडिस नावाचा एक दाढीवाला स्कॉटिश माणूस इकडं आला. मूळचा जीवशास्त्रज्ञ. जन्म १८५४ चा. कोल्हापूरची नगरपालिका स्थापन झाली तेही हेच साल, एवढाच त्याचा आमचा संबंध. १९१४ मध्ये शहरांविषयीचं मोठं प्रदर्शन घेऊन तो हिंदुस्थानात यायला निघाला. नकाशे, चित्रं, आराखडे असा सगळा पसारा ज्या जहाजावर होता ते 'क्लॅन ग्रँट' जहाज एमडन या जर्मन युद्धनौकेनं बुडवलं. दुसरा कुणी कपाळावर हात मारून परत गेला असता. ह्यानं मित्रांना पत्रं पाठवून पुन्हा नकाशे गोळा केले आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन मांडलंच. पुढची दहाएक वर्षं तो इथल्या गावांतून पायी हिंडला, पन्नासच्या आसपास शहरांवर अहवाल लिहिले, आणि १९१९ पासून काही वर्षं मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवलं.

त्याचा सगळा भर एका गोष्टीवर होता: आधी तपासणी, मग औषध. इंजिनिअरनं कागदावर पट्टी ठेवून सरळ रस्ता ओढलेला असायचा. गेडिस त्या गल्लीत स्वतः जाऊन बघायचा, की त्या रेघेखाली कुणाची विहीर येते, कुठलं देऊळ येतं, कुठलं झाड पडतं. मग त्याचा उलटा प्रस्ताव यायचा. पडकं घर असेल ते काढून तिथं चार माणसं बसतील अशी मोकळी जागा करा, नांदतं घर राहू द्या, रस्ता दोन हात वळला तर काय आभाळ कोसळत नाही. कमीत कमी पाडायचं, जास्तीत जास्त राखायचं. अंबाबाईच्या मंदिराभोवतीची घरं आणि दुकानं घेण्याची चर्चा दरवेळी वर येते, तेव्हा मला महाद्वार रोडवरून हा माणूस चालत जाताना दिसतो. दक्षिणेतल्या देवळांभोवतीच्या गावांवर तो फिदा होता. आमच्याकडं आला असता तर आधी जोतिबा रोडवर फुलवाल्याशी तासभर बोलला असता आणि मग नकाशा उघडला असता.

तळी बुजवू नका, हेही त्यानं पुन्हा पुन्हा लिहून ठेवलं. हिवतापाच्या भीतीनं तेव्हा गावोगावची तळी भरून टाकायची टूम निघाली होती. ह्याचं म्हणणं, तळ्यात मासे सोडा, बदकं सोडा, डास आटोक्यात राहतील. तळं गेलं तर पाणी दुसरीकडं कुठं तरी जाणारच. कोल्हापुरात ज्याला हे पटत नाही त्यानं जुलैत गांधी मैदानावर जावं. ते वरुणतीर्थ होतं. कपिलतीर्थाचं मार्केट झालं, रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभं राहिलं. मैदानाची, मंडईची, स्टेडियमची गरज नव्हती असं मी म्हणत नाही, फुटबॉलच्या गावात तर तसं म्हणायची हिंमतही नाही. पण पाऊस लागला की वरुणतीर्थ आपल्या जागेवर परत येऊन बसतं, आणि मग आपण 'मैदानात पाणी साचलं' अशी बातमी करतो.

गेडिसची मला सर्वांत आवडलेली गोष्ट इंदूरची आहे. १९१७-१८ च्या सुमाराची. शहरात प्लेगची धास्ती. पुण्याला वीस वर्षांपूर्वी जे झालं ते सगळ्या हिंदुस्थानाला माहीत होतं. गेडिसनं इंदूरच्या दरबाराकडून दिवाळीच्या सोहळ्याची सूत्रं मागून घेतली. मिरवणूक निघणार, पण ती कुठल्या रस्त्यानं निघणार हे आधी सांगायचं नाही. ज्या रस्त्यावरची जास्तीत जास्त घरं झाडलेली, दुरुस्त केलेली, रंगवलेली असतील तिथून ती जाईल, एवढंच जाहीर केलं. झालं, अख्खं शहर कामाला लागलं. गाड्या भरभरून कचरा बाहेर गेला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अक्राळविक्राळ उंदीर होता, आणि झाडूवाले पांढरेशुभ्र कपडे घालून, गळ्यात हार घालून मानानं चालत होते. शेवटी राक्षसाचं दहन. घरोघरी लावायला तुळशीची रोपं वाटली. रोग तोच, प्लेगचाच. पुण्यात त्याच्यासाठी बूट घालून देवघरात गेले आणि इंदुरात लोकांनी आपलं घर आपणच धुऊन काढलं.

ज्या गावात गणपतीच्या मिरवणुकीचा क्रम आणि मार्ग यावरून वर्षभर बैठका होतात, त्या गावात ही युक्ती किती चालेल याचा विचार करून बघा. 'सगळ्यात स्वच्छ पेठेतून पालखी जाणार' एवढं जाहीर करायची खोटी. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ रात्रभर झाडू मारतील.

पण हे सगळं वाचून झाल्यावर मला थोडं खटकलंही. ते दरबाराचं औदार्य होतं. लोकांनी भाग घेतला तो मिरवणुकीत. गटार कुठून जावं हे ठरवताना पुन्हा गेडिस आणि दरबार दोघंच. आम्हा कोल्हापूरकरांना ही मांडणी चांगलीच ओळखीची आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, खासबाग मैदान दिलं, राधानगरीचं धरण हाती घेतलं, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही हे शहर त्याच जिवावर उभं आहे. शाहूपुरी वसवताना महाराजांनी हरकती-सूचना मागवल्या होत्या का, असं कुणी विचारत नाही; विचारलं तर मार बसेल. राजा एवढा चांगला लाभला, की नंतरच्या प्रत्येक कारभाऱ्याकडून आपण तेच धरून चाललो: त्यानं ओळखावं, त्यानं करावं, आणि चुकला तर आम्ही आहोतच दसरा चौकात मोर्चा घेऊन.

कायद्यानं विचारणं मात्र निराळ्या वाटेनं आलं, आणि ती वाट जमिनीच्या मालकीतून जाते. १८९४ चा ब्रिटिशांचा भूसंपादन कायदा घ्या. सरकार जमीन घेणार म्हणजे घेणार, मालकानं भरपाईपुरतं बोलावं. 'घेऊच नका' असं म्हणायची, म्हणजे मूळ संपादनालाच हरकत घ्यायची सोय १९२३ मध्ये झाली, कलम ५-अ घातलं तेव्हा. त्याआधी १९१५ मध्ये मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा आला, देशातला पहिला. त्यात सगळ्यांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करायचे, रस्ते-बागांना जागा काढायची आणि उरलेली जमीन नीट आखून ज्याची त्याला परत द्यायची, अशी योजना होती. कुणाला किती आणि कुठं, यावर प्रत्येक मालकाचं म्हणणं लवादानं ऐकायचं. हे ऐकून घेणं चांगलंच होतं. पण ऐकून घेतलं ते प्लॉटवाल्याला. १९५४ च्या मुंबई कायद्यानं शहरांना विकास आराखडा करणं भाग पाडलं, आणि १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आला त्यात कुणीही हरकत घ्यावी अशी तरतूद होती. कागदावर दार सगळ्यांना उघडलं. उंबरठा मात्र जुन्या मापाचाच राहिला.

हे मी एकदा जवळून बघितलंय. आमच्या भागातल्या एका रस्त्याच्या रुंदीकरणाची सुनावणी होती; कुठल्या कार्यालयात ते सोडून देऊ. आमच्या घराच्या पायरीवर ती रेघ येत होती, म्हणून मी गेले होते. बाहेर व्हरांड्यात ही गर्दी, आणि बहुतेक सगळे पुरुष, कारण प्रॉपर्टी कार्डावर नावं त्यांची. भिंतीला नकाशा टांगलेला. पिवळा पट्टा, हिरवा पट्टा, मधून निळं काही. लोक बोटानं आपलं घर शोधत होते, आणि बोट त्या कागदावर चार घरं झाकत होतं. "माझ्या जागेवर आरक्षण पडलंय का बघा की ओ," असं प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणत होता. ड्राफ्ट्समन सोडला तर तिथं कुणालाच तो नकाशा वाचता येत नव्हता, आणि ड्राफ्ट्समन जेवायला गेला होता.

माझ्यापुढं आमच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या वहिनी होत्या. त्या रस्त्यावर सगळ्यात जास्त वेळ कोण असतं म्हणाल तर त्या. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत. दूधगाडी कुठं अडते, शाळेची रिक्षा कुठं वळते, पाऊस आला की पाणी कुठल्या बाजूनं येतं, सगळं त्यांना पाठ. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "सिटी सर्व्हे नंबर?"

"न्हाई ओ साहेब, मी भाड्यानं राहतो."

"मग मालकांना पाठवा."

"मालक इचलकरंजीला असतात. त्यांनी ह्यो रस्ता दहा वर्सांत बघितला न्हाई."

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता तो. अर्जावर नंबरचा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नव्हता. वहिनींचा अर्ज मग मी माझ्या नंबरावर दिला. माझा नंबर पुकारला तेव्हा मी माझ्या पायरीचं बोलले. वहिनींच्या पाण्याच्या उताराचं बोलेपर्यंत पुढचा नंबर पुकारून झाला होता.

साधारण ह्याच रागातून साठच्या दशकात अमेरिकेत रान पेटलं. तिथं रॉबर्ट मोझेस नावाचा अधिकारी न्यूयॉर्कमध्ये वस्त्यांवरून हमरस्ते काढत सुटला होता आणि जेन जेकब्स ही लेखिका त्याला आडवी गेली. १९६८ च्या एप्रिलमधली तिथली एक सुनावणी मला कायम आठवते. लोअर मॅनहॅटनमधून जाणाऱ्या एक्स्प्रेसवेची. बोलणाऱ्यासाठी मायक्रोफोन ठेवला होता तो लोकांकडं तोंड करून. म्हणजे लोकांनी लोकांनाच सांगायचं, अधिकारी पाठीमागं बसलेले. जेकब्सबाई थेट मंचावर चढल्या, बरोबर आणखी माणसं, त्या गडबडीत लघुलेखिकेच्या यंत्रातली पट्टी निघून जमिनीवर पसरली. बाईंनी जाहीर केलं, नोंदच राहिली नाही म्हणजे सुनावणी झालीच नाही. त्यांना अटक झाली. पुढं तो रस्ताही झाला नाही. ह्या बाई शिवाजी पेठेत जन्मल्या असत्या तर त्यांच्या नावानं एव्हाना चौक झाला असता.

पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, शेरी अर्नस्टाईन यांनी एक लेख लिहिला. त्यांनी सरकारी खात्यातच लोकसहभागाचं काम बघितलं होतं, म्हणजे आतली माणूस. त्यांनी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या दोन पायऱ्या म्हणजे निव्वळ गुंडाळणं आणि समजूत घालणं. मग माहिती देणं, मत विचारणं, एखाद-दुसऱ्याला समितीत घेऊन गप्प करणं. त्याच्या वर खरी भागीदारी, मग अधिकार सोपवणं आणि टोकाला लोकांच्या हाती कारभार. लेखात त्यांनी एका फ्रेंच विद्यार्थ्यानं काढलेलं पोस्टर दिलं होतं: मी सहभागी होतो, तू सहभागी होतोस, तो सहभागी होतो, असं सगळं चालवून शेवटच्या ओळीत 'ते फायदा घेतात'. ब्रिटनमध्येही त्याच साली स्केफिंग्टन समितीचा अहवाल आला, लोकांना आराखड्यात कसं घ्यावं यावर. सभ्य, समंजस अहवाल. शिडी जास्त कामाची. आमची ती सुनावणी मी मनातल्या मनात त्या शिडीवर लावून बघितली. माझ्यापुरती चौथी पायरी, मत विचारण्याची. वहिनींचा पाय पहिल्या पायरीलाही लागला नव्हता.

आपल्या कायद्यात हरकती ऐकायला नियोजन समिती असते. स्थायी समितीतले तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार जाणकार. म्हणजे निवडून आलेला माणूस तुमचं ऐकणार, ही त्यातली मेख. आणि कोल्हापूर महापालिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये मुदत संपल्यावर वर्षानुवर्षं निवडणूकच झाली नाही, प्रशासकच कारभार बघत होते. नगरसेवकच नव्हते तर स्थायी समिती कुठली? ७४ वी घटनादुरुस्ती, तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या, हे सगळं नागरिकशास्त्राच्या गाईडात छान दिसतं.

अशा वेळी कोल्हापूर काय करतं ते साऱ्या महाराष्ट्रानं टोलच्या वेळी बघितलं. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते, २२० कोटींचा प्रकल्प, खासगी कंत्राटदार बांधणार आणि तीस वर्षं टोल वसूल करणार. करार झाला तेव्हा तो फार कुणी वाचला नाही. नऊ नाके उभे राहिले आणि गावात शिरायला-बाहेर पडायला पैसे द्यायचे हे दिसलं, तेव्हा जे उठलं ते थांबलंच नाही. एन. डी. पाटील सर आणि गोविंदराव पानसरे हे जुने डावे नेते पुढं, मागं सगळे पक्ष, तालमी, रिक्षावाले, वकील, बायका. २०१३ च्या ऑक्टोबरात वसुली सुरू झाली, २०१४ च्या जानेवारीत नाके पेटले, कोर्ट झालं, स्थगिती झाली, पुन्हा वसुली झाली. २०१५ च्या फेब्रुवारीत पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चारच दिवसांनी ते गेले. टोल रद्द झालेला त्यांनी बघितला नाही. तो त्याच वर्षाच्या डिसेंबरात रद्द झाला, सरकारनं कंत्राटदाराला भरपाई देऊन. मीही त्या मोर्चांत चालले. भर उन्हात बिंदू चौकात उभी राहून घोषणा दिल्या आणि घरी येऊन दोन दिवस घसा बसला होता. "आम्ही कोल्हापुरी, टोल देणार न्हाई" हे म्हणताना जे वाटलं ते पुन्हा कधी वाटलेलं नाही.

तरीही त्याच्याबद्दल माझ्या मनात एक सल आहे, आणि तो मोर्चातल्याच काही जुन्या कार्यकर्त्यांजवळ मी बोलून दाखवलाय. एवढी मोठी ताकद आपण लावली ती पैसे कोण देणार यावर. रस्ता किती रुंद हवा, गटाराचा उतार कुठल्या बाजूला, फूटपाथवर म्हातारं माणूस चढू शकेल का, नाल्यावरचा भराव पुराचं पाणी अडवेल का, यावर एकही मोर्चा निघाला नाही. ते सगळं नाके उभे राहायच्या कितीतरी आधी ठरून गेलं होतं. नको म्हणायला आमच्याइतकं वस्ताद गाव नाही. हवं ते काय, हे वेळेत आणि एका सुरात सांगायची सवयच आम्हाला लागलेली नाही. हद्दवाढीचं बघा. शहर म्हणतं गावं आत घ्या, गावं म्हणतात आम्हाला तुमचा घरफाळा नको आणि तुमचे खड्डेही नकोत. दोन्हीकडचे मोर्चे खरे, दोन्हीकडची जनता खरी. २०१७ मध्ये सरकारनं हद्दवाढीऐवजी ४२ गावांचं प्राधिकरण करून टाकलं. दोन्ही बाजू नाराज ठेवणं हासुद्धा एक प्रकारचा समतोलच.

१९६६ चा कायदा मी पुन्हा वाचला तो या सलामुळं. आणि तिथं जे सापडलं त्यानं मी थोडी चाट पडले. सगळ्यांना माहीत असतं ते कलम २६: प्रारूप आराखडा तयार झाला, प्रसिद्ध झाला, आता हरकती द्या. त्याच्या आधी कलम २५, सर्वेक्षण आणि सध्याच्या जमीनवापराचा नकाशा. हे काम यंत्रणेचं, त्यात लोकांना विचारायचं काही नाही. पण त्याच्याही आधी कलम २३ आहे. आराखडा करण्याचा इरादा जाहीर करायचा, त्याची नोटीस काढायची आणि जनतेकडून सूचना व हरकती मागवायच्या. सर्वेक्षणाच्या आधी! त्या वेळी नकाशा असतो तो फक्त हद्दीचा. बाहेरची एक रेघ, आत सगळं कोरं. रस्ते नाहीत, आरक्षणं नाहीत, पिवळं-हिरवं काही नाही. गेडिस ज्या वेळी गल्लीत शिरायचा तीच ही वेळ. आणि कोऱ्या नकाशावर कुणाचंच घर जात नाही, म्हणून त्या नोटिशीकडं कुणीच ढुंकून बघत नाही. सरकार तांत्रिक बाब म्हणून उरकतं, आपण पान उलटतो. व्हरांड्यातली ती गर्दी सगळी कलम २६ ची.

आमच्या शुक्रवार पेठेत नदीकडच्या उताराला घरांच्या भिंतींवर ऑइलपेंटच्या रेघा आहेत. २००५, २०१९, २०२१. आमच्या जिन्याजवळ २०१९ ची रेघ माझ्या गळ्याशी येते आणि २०२१ ची तिच्या वर. रेघेशेजारी तारीख, आणि एका घरी तर पाणी उतरायला किती दिवस लागले तेही लिहिलंय. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका, हे इथं पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. पण सरकारी आकड्याच्या अलीकडं-पलीकडं आणखी बरंच काही बायकांना ठाऊक असतं. सुतारवाड्यातल्या बायका कधी बोचकी बांधतात आणि चित्रदुर्ग मठाकडं निघतात, कुंभार गल्लीत अर्ध्या ओल्या मूर्ती आधी कुठल्या माडीवर चढवतात, जयंती नाल्याचं पाणी नदी फुगल्यावर उलटं कुठून शिरतं, कुठल्या नव्या बंगल्याच्या कंपाउंडामुळं पाणी आता दोन तास आधी येतं. निळी रेषा, लाल रेषा या सरकारी पूररेषा नकाशावर असतात आणि त्यांवरून बिल्डर, शेतकरी, अधिकारी यांची भांडणं चालूच असतात. ऑइलपेंटच्या रेघा कुठल्याच नकाशावर नाहीत. त्यांना सिटी सर्व्हे नंबर नाही.

गेल्या पावसाळ्याआधी मी तालमीत हे इराद्याच्या नोटिशीचं बोलून दाखवलं. आधी सगळे हसले. "वहिनी, इरादा म्हंजी लग्नाचा का?" एकानं विचारलंच. पण तात्या, जे टोलच्या सगळ्या बैठकांना होते, त्यांनी पोरांना गप्प केलं आणि म्हणाले, लिहू या. आधी कुणी कधी दिलं नसंल तर आपण देऊ. नोटीस कधी निघेल, कुठल्या कलमाखाली अर्ज बसेल, ते वकिलाला विचारू. मग दोन पोरं मेजर टेप घेऊन गल्लीगल्लीतल्या रेघा मोजून आली. भाजीवाल्या वहिनींनी पाणी कुठून कुठं फिरतं ते शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर काढून दिलं. त्या वाकड्यातिकड्या चित्रावर उताराचे बाण सगळे बरोबर होते, मी पहिल्या मोठ्या पावसात खात्री करून घेतली. मालकाचा रकाना आम्ही ठेवलाच नाही. नाव, किती वर्षं इथं राहता, आणि पाणी कुठवर आलं, एवढंच.

अर्जाचा मसुदा मी लिहिला, शुद्ध भाषेत, 'विनंती आहे की' वगैरे घालून. तालमीतल्या पोरांना तो फारच मऊ वाटला. त्यांनी शेवटी आपली एक ओळ घातली आणि ती काढू दिली नाही: सर्वेक्षण मे महिन्यात न करता जुलैच्या शेवटच्या आठवड्यात करण्यात यावे, साहेबांसाठी नावेची सोय तालमीतर्फे करण्यात येईल.